खालून घूस, वरून उंदीर

मामी खुराड्याची मागची फळी उचकटते आणि नाकाला पदर लावते. "बग, हितनं आलीय," ती म्हणते. मी वाकून बघते. भिंतीच्या चिऱ्याला लागून जमिनीत भोक पडलंय, माझी मूठ सहज जाईल एवढं, आणि त्याच्या तोंडाशी चाळणीतून काढल्यासारखी भुसभुशीत ताजी माती. मातीवर पिल्लाचा एक पाय. बाकी काही उरलेलं नाही. खुडूक बसून उठलेल्या कोंबडीखाली काल तिन्हीसांजेला नऊ पिल्लं होती, आता पाच आहेत, आणि ती पाचही आईच्या पंखाखालून बाहेर यायला तयार नाहीत. कोंबडीच्या डाव्या पायाचं मधलं बोट अर्धं कुरतडलेलं आहे. तिने जागा मात्र सोडलेली नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही. रात्री पायाशी कोणी आलं तरी ती उठून पळत नाही, बसल्या जागी अंग आवळून घेते. चोराला याहून सोपं घर कुठलं मिळणार?

म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना आत वळलं की हे गाव लागतं. घरामागे नारळाची आणि रोठा सुपारीची वाडी, वाडीपलीकडे भाताची खाचरं. कापणी उरकली आहे, खळ्यात झोडणी चालू आहे, गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी रचून झाली आहे. सगळा घोळ इथेच आहे. भात उभं असतं तोवर घुशींचं पोट शेतातच भरतं. कापणी झाली, खाचरं उघडी पडली, की त्या वस्तीकडे सरकतात. मृगाच्या पावसात बिळांत पाणी शिरतं तेव्हाही तेच. म्हणजे कोंबड्या पाळणाऱ्याने वर्षातून दोनदा सावध राहायचं, असा हिशेब मी मांडते. मामी फळी बाजूला टाकत म्हणते, "दोनदा कुटलं, वर्सभर."

खुराडा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळलं, तेव्हा गोठ्याचं छप्पर उडालं आणि अर्धी वाडी आडवी झाली. नंतर हाती लागले ते वासे आणि फळ्या घेऊन मामाने हे घर ठोकलं. खाली सारवलेली जमीन, तीन बाजूंना फळ्या, पुढे षट्कोनी भोकांची तारेची जाळी. दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळते तीच. मी एका भोकात अंगठा घालून बघते. विनासायास जातो. अंगठा जातो तिथून उंदीर जातो. डोकं आत शिरलं की बाकीचं अंग तो ओढून नेतो. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती आहे, बाहेरच्याला अडवायला ती कधी बनवलेलीच नव्हती.

मामा बॅटरी घेऊन येतो. दिवसाउजेडी बॅटरी कशाला, असं मी विचारणार तोच तो गोठ्याच्या छपराकडे झोत टाकतो. भिंतीवरून गेलेल्या वाशाच्या कडेने एक काळपट, तेलकट पट्टा थेट खुराड्याच्या माथ्यापर्यंत आलेला दिसतो. उंदराची वाट ठरलेली असते. रोज त्याच कडेने जाता-येता अंगाचा मळ लाकडाला चोपडला जातो. मामा काडीने पट्टा खरवडतो. सुकून पापुद्रा निघत नाही, काडीला चिकटतो. "चालू रस्ता हाय," तो म्हणतो. "म्हंजी गिऱ्हाइकं दोन. खालून घूस, वरून उंदीर."

हे दोघे एका चालीचे नाहीत. घूस बसकी, काळसर, बोथट तोंडाची. शेपूट अंगापेक्षा आखूड. जमीन पोखरण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण चढण्याच्या भानगडीत ती सहसा पडत नाही. वरचा घरउंदीर सडसडीत, मोठ्या कानांचा, शेपूट अंगाहून लांब. तो माडाच्या शेंड्यात राहतो, वाशावरून पळतो, तारेवरून चालतो. एकाचा बंदोबस्त केला म्हणजे दुसऱ्याचा झाला असं होत नाही, आणि गावोगाव माणसं नेमकी इथेच फसतात. खाली झकास कोबा घालतात आणि छपराखालची चार बोटांची फट हवा यायला म्हणून तशीच ठेवतात.

नऊच्या सुमाराला कातकरवाडीतले काका येतात. खांद्यावर पहार, कमरेच्या आकडीत कोयता. खुराड्यातल्या भोकाकडे ते एकदाच बघतात आणि उलट दिशेला चालू लागतात. लाकूडफाट्याच्या ढिगामागे, उडवीच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ ते पायाने माती चाचपत फिरतात. ढिगामागे मातीचे चार-पाच उंचवटे आहेत. मला तिथे बीळ दिसत नाही, कारण त्याचं तोंड आतून मातीने बुजवलेलं आहे. "दार लावलंय," काका म्हणतात, "म्हंजी बाई घरात हाय."

मग घाई नाही. खुराड्यातल्या भोकावर चिरा ठेवला जातो. काका एका फुटक्या मडक्यात पेंढा आणि ओला पाला भरून तो पेटवतात, मडक्याचं तोंड बिळाला लावतात आणि बुडाच्या भोकातून फुंकत राहतात. थोड्या वेळाने न्हाणीच्या मागून धूर निघतो. मग लाकडांच्या खालून. मग, मामीने कपाळावर हात मारावा अशा जागी, थेट पायरीच्या कडेतून. प्रत्येक ठिकाणी दगड ठोकला जातो. एवढा वेळ आम्ही ज्याला एक भोक समजत होतो ते अख्ख्या परसाखालून गेलेलं आहे.

आता पहार चालते. काका खणतात कमी आणि ऐकतात जास्त. बोगदा फुटला की तिथे लवचीक काठी सारून ती कुठे वळते ते बघतात आणि मधली माती सोडून पुढच्या वळणावर घाव घालतात. पहिल्या खोलीत घरटं सापडतं: चावून मऊ केलेला पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्या, आणि आमच्याच तांबड्या कोंबडीची पिसं. दुसरी खोली कोठाराची. भाताच्या लोंब्या देठाशी कातरून, एकीवर एक दाबून भरलेल्या. त्यांच्यात खुराड्यातल्या कण्या आणि अंड्याच्या कवचाचे तुकडे. काका ओंजळीने भात पिशवीत भरतात. बिळातलं भात खणणाऱ्याचं, हे इथे कोणी बोलून ठरवत नाही. खणायचे पैसे मामी वेगळे देते.

घूस शेवटी लाकडांच्या बाजूने बाहेर पडते. अंगावरचे राठ केस उभे, घशातून घुरघुर, आणि पळण्याऐवजी ती आधी काकांच्या दिशेने येते. काठीचा एक फटका. तीही पिशवीत जाते. आज कातकरवाडीत कालवण होईल. शहरातून आलेली पाहुणेमंडळी हे ऐकून तोंड वाकडं करतात. मला त्यात तोंड वाकडं करण्यासारखं काही दिसत नाही. गावाच्या भाताची एवढी राखण या वाडीने पिढ्यान् पिढ्या केली आहे आणि तिचं नाव कुठल्या हिशेबात लिहिलेलं नाही.

मामी काकांपुढे पाण्याची बादली आणि साबण ठेवते, हातमोजे घाला म्हणून मघाशी दोनदा सांगून झालेलं असतं. ते हसतात, पण हातपाय नीट धुतात. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोचे जिवाणू ओल्या मातीत येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटल्या जागेतून अंगात शिरतात. कोकणात पावसाळ्यात ताप घेऊन दवाखान्यात गेलात तर शेतात अनवाणी होतात का, हे डॉक्टर विचारतातच. खुराडा साफ करताना मामीच्या पायात गमबूट असतात ते यासाठी. तेवढं एक तिने दवाखान्यातून ऐकून पक्कं धरलंय.

चहा पिता पिता काका जे बोलतात ते मला सगळ्या खणण्यापेक्षा मोलाचं वाटतं. "आज मी ही काढली. दाना असाच पडला तर म्हैन्यात दुसरी येल." गणितही त्यांच्याच बाजूने आहे. कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते तेव्हा कुठे पिल्लू फुटतं. घरउंदरीण २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. मारत बसून ही शर्यत कोणी जिंकलेलं नाही.

हे मामेभावाला पटत नाही. तो मोटारसायकलला किक मारतो आणि तासाभरात बाजारातून विषाच्या निळ्या वड्यांचं पाकीट घेऊन येतो. पाकिटावर ब्रोमाडिओलोन लिहिलंय. अंगणातच वादावादी सुरू होते.

"चार वड्या टाकल्या की विषय संपला, आये."

"कोंबडी काय वाचून खाते?"

"वर ठेवतो ना, माळ्यावर."

"आणि उंदराने वडी खाली आणून टाकली मंग?"

यात मामीच बरोबर आहे. हे विष खाल्लेला उंदीर जागच्या जागी मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं आणि तो चार-पाच दिवस लडबडत उघड्यावर हिंडतो. कोंबडी काही शाकाहारी नाही. अर्धमेलं उंदराचं पिल्लू पुढ्यात आलं तर ती टोच मारतेच. मांजर खातं, कुत्रा खातो. गावाच्या देवळाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. ती रात्रभर फुकट उंदीर मारते, आणि आपण तिच्याच ताटात विष कालवायचं. वर उरलेला उंदीर छपरात कुठेतरी मरतो आणि आठवडाभर घर घाण मारतं, ते वेगळंच. मामा बोलत नाही, पाकीट उचलतो आणि मोटारसायकलच्या हँडलला परत अडकवतो. वडी गेली, पिंजरा राहिला. तारेच्या त्या पिंजऱ्यात मामा सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवतो, पण दार उघडंच बांधून ठेवतो. नवी वस्तू दिसली की उंदीर तिच्यापासून काही दिवस चार हात लांब राहतो. आधी निर्धास्तपणे खाऊ द्यायचं, मग एका रात्री दोरी सोडायची. एक सापडला की पिंजरा कढत पाण्याने धुवायचा. हे सगळं खरं असलं तरी ते किरकोळीचं काम आहे. ठोक काम सुताराचं आहे, आणि सुतार आलेला आहे.

काय हवंय हे मामा त्याला बोटाने दाखवतो, खुराड्याकडे नाही तर वाडीकडे. प्रत्येक माडाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळलेला आहे. उंदीर वर चढून कोवळी फळं पोखरतो म्हणून हा पट्टा. पत्र्यावर त्याची नखं धरत नाहीत. "असंच पायाला कर." नवा खुराडा चार पायांवर उभा राहणार, कमरेएवढ्या उंच. उभ्या उडीत उंदीर दोन-अडीच फूट जातो, म्हणून तीन फुटांच्या खाली यायचं नाही. प्रत्येक पायाला दीड फूट रुंदीचा पत्रा, जोड एकावर एक दाबून, कड कुठेही वर न येता. पत्रे निसर्गमध्ये उडालेल्या छपराचेच आहेत. वाकले, गंजले म्हणून टाकले नव्हते, आज त्यांचा बरा भाग कातरून वापरला जातो.

भिंतीपासून आणि छपरापासून खुराडा चांगला पाच फूट लांब घ्यायचा, नाहीतर वाशावरचा गडी उडी मारून माथ्यावर येईल. त्याच कारणासाठी पेरूची एक फांदी जाते. मामीला तिचं वाईट वाटतं, पण ती स्वतःच कोयता आणून देते. तळाला आणि चारी बाजूंना अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश जाळी. विष्ठा जाळीतून खाली पडते, जमीन ओली राहत नाही, आणि पोखरायला जमीनच नाही म्हटल्यावर घुशीचं काम संपतं. पिल्लांचे पाय जाळीत अडकू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यात पोत्याचा तुकडा. फळ्यांना आतूनही तीच जाळी, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजवायला त्याला लाकूड लागतंच. तो सपाट फळीला तोंड लावत नाही, कड शोधतो. म्हणून दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. जाळी खिळ्यांनी नाही, वॉशर घालून स्क्रूने आवळलेली. खिळा मुंगूसदेखील हिसकून काढतं. मुंगूस आणि साप यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. उंदीर जिथे अडतो तिथे तेही अडतात, आणि उंदीर नसले की धामण-नागाला परसात यायला निमित्त राहत नाही.

सुतार मधेच थांबतो. "कोंबड्या चढनार कशा?" एक शिडी लागणार, उघडच आहे. आणि शिडी म्हणजे उंदरालाही जिना. मामी तोडगा काढते: शिडी सुटी ठेवायची, कोंबड्या आत गेल्या की काढून भिंतीला लावायची. मला या सगळ्या बांधकामात ही सुटी शिडीच सगळ्यात जास्त आवडते. तिला खर्च नाही, फक्त रोजची आठवण लागते.

ऊन उतरायला लागतं तशी मामी खराटा घेते. आतापर्यंत संध्याकाळी टाकलेल्या कण्या रात्रभर अंगणात तशाच पडून राहत. कोंबडी अंधार पडल्यावर दाणा टिपत नाही, म्हणजे सांजेनंतरचा प्रत्येक दाणा उंदराच्या नावाचा. आज ती दाणा पाचच्या आत टाकते, तोही एका पसरट ताटात, आणि कोंबड्यांनी माना वर काढल्या की ताट उचलते. पाण्याचं भांडंही उपडं करते. उंदराला पाणीही लागतंच. कोंडा आणि कण्या ठेवायचं प्लॅस्टिकचं पिंप कोपऱ्यात कुरतडून आरपार झालंय. ते बाद होतं, त्याच्या जागी पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा येतो. मग ती अंगण झाडते. सणावारालाही एवढं झाडत नसेल. उडवीखाली सांडलेले दाणे, खळ्यातून उडून आलेला पाचोळा, नारळाच्या करवंट्या, सगळं.

कोंबड्या नव्या घराशी घोटाळतात. कोंबडा जुन्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो, तिथे आता नुसती उकरलेली माती आहे. मामी एकेकीला धरून शिडीवर ठेवते. तांबडी, करडी, मग पिल्लांची आई, हिच्या बोटाला हळद लावलेली, आणि पाच पिल्लं ओच्यातून. दार लागतं, कडी लागते, शिडी निघते.

रात्री जेवणं झाल्यावर मामा आणि मी पडवीत बसतो. दिवा बंद. मामाने बॅटरीच्या काचेला लाल कागद बांधलाय, लाल उजेडाला उंदीर बिचकत नाही म्हणून. बऱ्याच वेळाने गोठ्याच्या वाशावर हालचाल होते. एक उंदीर त्याच्या रोजच्या तेलकट रस्त्याने येतो, अगदी ठरल्या वेगाने, आणि जिथे कालपर्यंत खुराड्याचं छप्पर होतं तिथे वाशाच्या टोकाला येऊन थबकतो. पुढचे दोन पाय हवेत, मिशा हलताहेत. परत फिरतो, भिंतीवरून खाली उतरतो, झाडलेल्या अंगणात नाक घासत एक चक्कर मारतो. मागून दुसरा येतो. दोघे उकरलेल्या मातीत काहीतरी हुंगतात, नव्या खुराड्याच्या पायांना लांबून वळसा घालतात. पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. एक जण माडाकडे जातो, सरसर वर चढतो, पत्र्याशी पोचतो आणि दोनदा घसरून खाली येतो. "त्याला म्हाईत हाय," मामा कुजबुजतो, "तरी रोज बगतो." नव्या पायांची परीक्षा आज होणार नाही. चार दिवस गेले, भीड चेपली, की हे दोघे तिथेही नखं लावून बघतील, आणि तेव्हा पत्र्याचा एखादा जोड जरी सुटा निघाला तरी तो सापडेल त्यांनाच. म्हणून मामा रोज सकाळी चारही पायांवर हात फिरवणार आहे.

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांना एवढंच सांगते. जाळी आणायला जाल तेव्हा ‘कोंबडीची जाळी’ मागू नका. अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली मागा आणि दुकानातच भोकात अंगठा घालून बघा. जात असेल तर परत करा. पैसे कमी पडत असतील तर खुराडा लहान करा, दोन कोंबड्या कमी ठेवा, पण जाळीत काटकसर करू नका. आणि दिवेलागणीच्या आत दाण्याचं ताट उचला, त्याला तर पैसाही लागत नाही.